डावं-उजवं: जाणत्याची नजर कागदावर उतरवायची कशी

तासगावच्या बेदाणा सौद्यांत उभी हयात गेलेला माणूस मूठभर बेदाणा उचलतो, बोटांत घोळवतो, उजेडाकडे धरतो आणि भाव सांगून मोकळा होतो. सगळं मिळून दहा सेकंद. "कशावरून?" असं विचारलं तर म्हणतो, "दिसतंय की." आमच्या ओळखीत असे एक तात्या आहेत. गेल्या हंगामात आम्ही काही बेदाणा उत्पादकांनी माल एकत्र करून एकसारखी प्रतवारी लावायचं ठरवलं. तात्या प्रत्येकाच्या शेडवर रोज येणार कुठून? त्यांच्या नजरेत जे होतं ते कागदावर हवं होतं.

पहिला प्रयत्न माझा, आणि तो साफ फसला. मी छापील तक्ता घेऊन गेलो. रंग, जाडी, स्वच्छता, ओलावा. प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे शंभरपैकी गुण द्या. तात्यांनी रंगाला ९५ दिले, जाडीला ९०, स्वच्छतेला ९०, ओलाव्याला पुन्हा ९५. "सगळंच लागतं रे बाबा." बरोबरच होतं त्यांचं, पण त्या कागदाचा उपयोग शून्य.

दोष तात्यांचा नव्हता. एकट्या गोष्टीला आकडा देणं कुणालाच नीट जमत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मात्र डावं-उजवं लगेच कळतं. चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर "किती टक्के दिसतंय?" असं विचारत नाहीत. दोन भिंगं आलटून पालटून धरतात आणि "हे बरं की ते?" एवढंच विचारतात. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात कुस्तीची जोड लावणारे वस्तादही दोन पोरं शेजारी उभी करूनच ठरवतात. जाणत्याला प्रश्न विचारायचा तो असाच, जोडी लावून. या पद्धतीला जोडीवार तुलना म्हणतात.

कल्पना जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये अशा तुलनांमधून मोजपट्टी कशी तयार होते याचं गणित मांडलं. पुढे १९७० च्या दशकात थॉमस साटी या गणितज्ञानं निर्णय घेण्यासाठी तिची एक पूर्ण रीत बसवली. खाली जे सांगतोय ते बहुतेक साटींच्या रीतीचं आहे, पण आमच्या शेडवर जमलं तसं.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"चांगला बेदाणा कोणता?" हा प्रश्न नव्हे. चांगला कुणासाठी, कधी? आम्ही लिहिलं: "मार्च-एप्रिलमध्ये सौद्याला लावायच्या हिरव्या बेदाण्याला जास्त भाव कशामुळे मिळतो?" ही ओळ मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. ती का ठेवायची, ते पुढे तात्यांनीच दाखवून दिलं.

कसोट्या निवडा, आणि थोड्याच निवडा

कसोट्या चार असल्या की जोड्या ६ होतात. पाचला १०, सातला २१, दहाला ४५. कसोट्यांची संख्या गुणिले तिच्याहून एक कमी, भागिले दोन, असा हिशेब. पंचेचाळीस प्रश्न विचारलेत तर पंधराव्यानंतर माणूस चहाकडे बघायला लागतो आणि उत्तरं कशीही येतात. सुरुवात चार-पाच कसोट्यांवर करा. सातच्या वर जाऊ नका.

एकच गोष्ट दोन नावांनी येऊ देऊ नका. आमच्या यादीत आधी 'रंग' आणि 'चकाकी' दोन्ही होते. तात्यांच्या डोळ्यांना ते एकच, म्हणजे रंगाला दुप्पट वजन गेलं असतं. 'भाव' हीसुद्धा कसोटी नव्हे. भाव हा या सगळ्याचा परिणाम आहे.

आणि जे मोजता येतं ते विचारू नका. ओलावा किती आहे हे मीटर सांगतो. तिथे तात्यांचं मत घेणं म्हणजे घड्याळ असताना सावली बघणं. मात्र ओलाव्याला रंगाच्या तुलनेत किती किंमत द्यायची, हे कोणताही मीटर सांगत नाही. जाणत्याची गरज तिथे आहे. नवखे लोक नेमकी इथेच गल्लत करतात. वस्तुस्थितीही मतानं ठरवतात आणि नंतर पद्धतीला नावं ठेवतात.

ताटल्या मांडा

साटींच्या रीतीवर जी टीका होते तिच्यातली मला सगळ्यांत पटलेली अशी: "रंग महत्त्वाचा की जाडी?" हा प्रश्न नुसता हवेत विचारला तर त्याला काही अर्थ नसतो. किती रंग? किती जाडी? सगळ्यांचा माल रंगानं जवळपास सारखाच असेल, तर रंग कितीही महत्त्वाचा असो, त्या वर्षी भावातला फरक तो ठरवणार नाही.

म्हणून शब्दांऐवजी ताटल्या. आमच्याकडे आलेल्या मालातला सगळ्यांत फिका, तांबूस पडलेला नमुना आणि सगळ्यांत छान हिरवा-पिवळसर नमुना आधी काढला. तसंच सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाड. मग दोन ताटल्या तयार केल्या. एकीत रंग उत्तम पण गोळी बारीक, दुसरीत गोळी जाड पण रंग पडलेला. बाकी दोन्हींत सारखं. तात्यांना विचारलं, "यातली कुठली आधी उचलाल?" त्यांनी पहिलीवर बोट ठेवलं. "आणि किती जास्त?" या प्रश्नावर मात्र जरा थांबले.

त्या 'किती'साठी एक ते नऊची पट्टी आहे. १ म्हणजे दोन्ही सारखं, ३ म्हणजे थोडं उजवं, ५ म्हणजे बरंच उजवं, ७ म्हणजे फारच, आणि ९ म्हणजे तुलनाच नाही. मधले सम आकडे अडनिड्या उत्तरांसाठी. आकडे तोंडानं विचारू नका. शब्द कार्डावर लिहून ठेवा, माणूस कार्डावर बोट ठेवेल. तात्या 'सारखं' आणि 'थोडं' यांच्या मधल्या फटीत बोट ठेवून म्हणाले, "एकोणीस-वीसपेक्षा जरा वर." तो आम्ही २ धरला.

उलट बाजू आपोआप येते. रंग जाडीच्या २ पट, तर जाडी रंगाच्या १/२. ते वेगळं विचारायचं नाही.

ओलाव्याची ताटली करणं अवघड. दोन नमुने वेगवेगळे वाळवून, मीटरवर मोजून, डब्यात बंद ठेवावे लागले. स्वच्छतेसाठी एका ताटलीत देठ-काड्या तशाच ठेवल्या. एवढी खटपट करायची नसेल तर निदान फोटो ठेवा. नुसत्या शब्दांवर जाऊ नका.

एकेकट्याला विचारा

तीन माणसं निवडली: तात्या, स्वतःची शेड असलेले आबा आणि निवडणीच्या टोळीची मुकादम मावशी. मावशींना घ्यायचं म्हटल्यावर दोघातिघांची कपाळं आक्रसली. पण दिवसभर माल हाताखालून जातो तो त्यांच्या. जाणता म्हणजे मोठा खरेदीदारच, असं काही नाही.

तिघांना एकत्र बसवू नका. तात्या बोलले की बाकीचे "तसंच हो" म्हणणार, आणि तुम्हाला तीन मतं मिळाल्यासारखी वाटून प्रत्यक्षात एकच मिळेल. प्रत्येकाचा कागद वेगळा, वेळ वेगळी. जोड्यांचा क्रमही दर वेळी बदला आणि कुठली ताटली डावीकडे हेही बदला. शेवटी सुरुवातीच्या एक-दोन जोड्या ताटल्यांची जागा बदलून पुन्हा विचारा. उत्तर फिरलं तर माणूस दमला आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी या.

तक्ता भरा, वजन काढा

तात्यांची सहा उत्तरं शेवटी अशी ठरली: रंग जाडीच्या २ पट, स्वच्छतेच्या ४ पट, ओलाव्याच्या ३ पट, जाडी स्वच्छतेच्या ३ पट, ओलाव्याच्या २ पट, ओलावा स्वच्छतेच्या २ पट.

चार आडव्या ओळी, चार उभे रकाने. स्वतःची स्वतःशी तुलना नेहमी १.

रंग: १, २, ४, ३
जाडी: १/२, १, ३, २
स्वच्छता: १/४, १/३, १, १/२
ओलावा: १/३, १/२, २, १

(रकाने याच क्रमानं: रंग, जाडी, स्वच्छता, ओलावा.)

आता प्रत्येक ओळीतले चारही आकडे गुणायचे आणि गुणाकाराचं चौथं मूळ काढायचं. घाबरू नका, साध्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबलं की चौथं मूळ येतं. रंगाचा गुणाकार २४, मूळ २.२१. जाडीचा ३, मूळ १.३२. स्वच्छतेचं ०.४५ आणि ओलाव्याचं ०.७६. चौघांची बेरीज ४.७४. प्रत्येकाला या बेरजेनं भागलं की वजनं मिळतात: रंग ४६.७ टक्के, जाडी २७.८, ओलावा १६, स्वच्छता ९.५. एक्सेलमध्ये करणार असाल तर जिओमीन नावाचं फंक्शन गुणाकार आणि मूळ दोन्ही एका फटक्यात करतं. साटींची मूळ रीत थोडी वेगळी आणि किचकट आहे, पण एवढ्याशा तक्त्यात दोन्हींच्या उत्तरांत फारसा फरक पडत नाही.

शंभरपैकी ९५, ९०, ९०, ९५ म्हणणाऱ्या माणसाकडूनच हे निघालं, हे लक्षात घ्या.

उत्तरं एकमेकांशी भांडतात तेव्हा

वरची उत्तरं 'शेवटी' ठरली असं म्हटलं, कारण पहिल्या दिवशी त्यांतलं एक वेगळं होतं. रंग आणि ओलाव्याच्या जोडीत तात्यांनी ओलाव्याला ३ दिले होते, म्हणजे ओलावाच थोडा उजवा. बाकी पाच उत्तरं हीच.

आता बघा. रंग जाडीच्या दुप्पट, जाडी ओलाव्याच्या दुप्पट, तर रंग ओलाव्याच्या साधारण ४ पट यायला हवा. तात्या म्हणत होते एक तृतीयांश. अशा तिघांच्या साखळ्या तपासणं हा सगळ्यांत सोपा पहारा आहे, कागद-पेन्सिलनं होतो.

पूर्ण तक्त्यासाठी साटींनी एक गुणोत्तर दिलं आहे. प्रत्येक ओळीतले आकडे त्या त्या रकान्याच्या वजनानं गुणून बेरीज करा आणि त्या बेरजेला त्याच ओळीच्या वजनानं भागा. चार ओळींचे चार आकडे येतील, त्यांची सरासरी काढा. उत्तरं तंतोतंत जुळत असतील तर सरासरी बरोबर ४ येते. तात्यांच्या पहिल्या दिवसाच्या तक्त्याची आली ४.६४. वरचा ०.६४ घ्या, ३ नं (कसोट्यांच्या संख्येपेक्षा एक कमी) भागा, मग ०.९० नं भागा. उत्तर साधारण ०.२४. हा ०.९० कुठून आला? चार कसोट्यांचा तक्ता डोळे मिटून कसाही भरला तर सरासरी जेवढी विसंगती निघते, तेवढा तो. तीन कसोट्यांना ०.५८, पाचला १.१२. शेवटचं उत्तर ०.१० च्या आत असेल तर चालतं, असा साटींचा दंडक.

०.२४ बघून मला आधी वाटलं, तात्या दमले असतील. दुसऱ्या दिवशी गेलो आणि फक्त त्या तीन ताटल्या पुन्हा मांडल्या. आकडा सांगितला नाही, "चुकलं" तर मुळीच म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "काल ओलाव्याच्या वेळी तुमच्या डोक्यात काय होतं?"

"अरे, ओला माल कोल्ड स्टोरेजला टाकून बघ की. पेटीत चिकटून गोळा होतोय. दिवाळीला उघडशील तेव्हा रडशील."

म्हणजे त्या एका जोडीच्या वेळी तात्या दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. सौद्याला लावायच्या मालाऐवजी त्यांच्या डोळ्यांसमोर साठवायचा माल आला होता. भिंतीवरची ओळ दाखवली. त्यांनी ताटल्या परत हातात घेतल्या आणि रंगाला ३ दिले. गुणोत्तर ०.०१ वर आलं.

पण मला जास्त कामाचं वाटलं ते दुसरंच. साठवायच्या मालाला वेगळा तक्ता लागतो हे आम्हाला सुचलंच नव्हतं. म्हणून विसंगती दिसली की आकडे दाबून-चेपून ०.१० च्या आत बसवू नका. काही सॉफ्टवेअर कुठला आकडा बदलला की गुणोत्तर सुधारेल ते सुचवतात. ती सूचना फक्त कुठल्या जोडीकडे परत जायचं हे कळण्यापुरती वापरा; आकडा बदलायचा तर तो जाणत्यानंच. आणि ०.०० आलं म्हणून खूश होऊ नका. ते बहुतेकदा डोक्यात आधी क्रम ठरवून त्याप्रमाणे उत्तरं बसवणाऱ्या हुशार माणसाचं असतं.

तिघांचं एक मत कसं करायचं

साधी सरासरी काढू नका. एकानं रंगाला जाडीच्या ४ पट म्हटलं आणि दुसऱ्यानं १/४, तर दोघांचं भांडण बरोबरीत सुटायला हवं, म्हणजे १. साधी सरासरी काढली तर येते २.१२५, रंग जिंकतो. तोच हिशेब जाडीच्या बाजूनं केला तर जाडी जिंकते. इथेही गुणाकार आणि मूळच लागतं. तिघे असतील तर तीन उत्तरांचा गुणाकार करून घनमूळ.

आमच्याकडे रंग-स्वच्छतेच्या जोडीत तात्या ४, आबा ४ आणि मावशी १/२. गुणाकार ८, घनमूळ २. झालं, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण दोन माणसं एकीकडे आणि एक पार दुसरीकडे असेल तर आधी कारण विचारावं. मावशी म्हणाल्या, "भाव रंगावर ठरतोय, ते खरं. पण पेटीत काडी-खडा निघाला की पुढच्या वेळी तो व्यापारी आपल्या मालाकडे बघत नाही. ते तुम्हाला कुठं दिसतंय?" तात्या खरेदीच्या क्षणाचं सांगत होते, मावशी त्याच्या पुढच्या वर्षाचं. मग आम्ही स्वच्छतेला वजनातून बाहेरच काढलं आणि तिची किमान अट केली: काडी-खडा असलेला माल निवडणीला परत, गुणांचा प्रश्नच नाही. काही कसोट्या तराजूत घालायच्या नसतात, त्या दारातच लावायच्या असतात. राहिलेल्या तीन कसोट्यांचा तक्ता पुन्हा मांडला. प्रश्न मात्र नवे विचारावे लागले नाहीत, तीन जोड्यांची उत्तरं हातात होतीच.

वजनं मिळाली, पुढे काय

आता प्रत्येक लॉटला रंगाचे आणि जाडीचे गुण द्यायचे, आणि इथे पुन्हा "दहापैकी किती?" म्हटलं की आपण पहिल्या खड्ड्यात. त्याऐवजी प्रत्येक कसोटीच्या चार नमुना ताटल्या कायमच्या ठरवून ठेवा, फिक्यापासून उत्तमापर्यंत. नवा लॉट आला की एवढंच बघायचं: या ताटलीपेक्षा उजवा की डावा? दोन ताटल्यांच्या मधे जिथे बसेल तिथले गुण. शेडवरचा नवा पोरगाही दोन दिवसांत हे शिकतो. ताटल्या झाकून, उन्हापासून लांब ठेवा. बेदाण्याचा रंग काही महिन्यांत उतरतो आणि मग तुमची मोजपट्टीच आखडते. दर हंगामाला नव्या भरा.

थोडेच लॉट असतील, पाच-सहा, तर एवढाही व्याप नको. लॉटच्याच जोड्या लावा, कोण कितीदा जिंकला ते मोजा. सहा लॉटला १५ कुस्त्या, तासाभराचं काम. नमुन्यावर शेतकऱ्याचं नाव नको, फक्त क्रमांक. गावात सगळे एकमेकांचे पाहुणे.

एक खोड लक्षात असू द्या. लॉट एकमेकांशीच तोलून गुण काढले असतील, तर मधेच नवा लॉट आल्यावर जुन्यांचा आपसातला क्रमसुद्धा कधीकधी उलटतो. साटींच्या रीतीवर यावरून १९८० च्या दशकापासून वाद चालू आहे. ठरलेल्या ताटल्यांशी तुलना केली की ही भानगड बरीच टळते. म्हणूनही मी ताटल्यांच्या बाजूचा.

शेवटची तपासणी

तक्त्यावर भरवसा ठेवण्याआधी सहा लॉट बाजूला काढा. त्यांचा क्रम तक्त्यानं लावा आणि कागद खिशात ठेवा. मग जाणत्याला तेच सहा लॉट द्या आणि नेहमीसारखं, बिनाहिशेबाचं, हातानं लावायला सांगा.

आमच्या पाच लॉटचा आपसातला क्रम जुळला. तक्त्यानं दुसरा लावलेला लॉट तात्यांनी उचलला, नाकाशी नेला आणि थेट पाचवा ठेवला. रंग सुरेख, गोळी जाड, ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास, सगळं ठाकठीक. "वास घे," म्हणाले. गंधकाची धुरी जास्त झाली होती.

तात्या माल हातात आला की वास घेतात हे आम्ही सगळे वर्षानुवर्षं बघत आलोय, आणि यादी करताना एकालाही आठवलं नाही. त्यांनाही नाही. आता रंग, जाडी, ओलाव्याच्या जोडीला चौथी कसोटी आली. जुन्या तीन जोड्या तशाच राहतात, नव्या तीनच विचारायच्या. त्यासाठी धुरी कमी-जास्त दिलेले नमुने आबांच्या शेडवर वेगवेगळ्या बंद डब्यांत ठेवलेत, आणि त्यातला एक डबा कुणीतरी चहाबरोबर खाऊन संपवलाय. तो परत भरला की तात्यांना बोलवायचं.